परराज्यातील मोटार आणि बंगळूरचा नवा क्रमांक

नोकरीनिमित्त, शिक्षणानिमित्त किंवा व्यवसायानिमित्त महाराष्ट्रातून बंगळूरला स्थायिक होणाऱ्या कुटुंबांची संख्या गेल्या काही दशकांत सातत्याने वाढली आहे. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. तेव्हापासून मराठी भाषकांना हे शहर परके राहिलेले नाही. आजही पुण्याहून निघालेली मोटार सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग आणि तुमकूर असा प्रवास करीत एका दिवसात बंगळूरला पोहोचते. घरातील सामान, मुलांचे शाळेचे दाखले आणि बँकेचे खाते यांची व्यवस्था कुटुंबे वेळेवर करतात. मात्र सोबत आणलेल्या मोटारीच्या कागदपत्रांचा विचार पुष्कळदा पोलिसाने रस्त्यात गाडी थांबविल्यावरच सुरू होतो.

अशा वेळी पडणारे प्रश्न ठरलेले असतात. महाराष्ट्रात एकदा कर भरलेला असताना कर्नाटकात तो पुन्हा का भरावा? गाडीवर बँकेचे कर्ज असल्यास काय करावे? चालक परवानाही बदलावा लागतो काय? परदेशातून परतलेल्या व्यक्तीला तेथील परवान्यावर येथे गाडी चालविता येते काय? या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसल्यामुळे काही जण दोनदा कर भरून बसतात व परतावा मागायचे राहून जातात. काही जण वर्षानुवर्षे जुन्याच क्रमांकावर गाडी चालवितात आणि विक्रीच्या वेळी अडचणीत येतात. दोन्ही प्रकारांत नुकसान होते ते कुटुंबाच्या बचतीचे. म्हणून या विषयाची क्रमवार माहिती करून घेणे हिताचे ठरेल.

नोंदणी देशाची, कर राज्याचा

या सर्व गुंतागुंतीचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. मोटार वाहने आणि त्यांवरील करआकारणीची तत्त्वे हा विषय समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहे. म्हणून त्यावर संसदेने मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा केला व तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. प्रत्यक्ष वाहनकर बसविण्याचा अधिकार मात्र राज्य सूचीतील ५७ व्या नोंदीनुसार राज्यांकडे आहे. परिणामी गाडीची नोंदणी एका केंद्रीय कायद्याखाली होते आणि तिच्यावरील कर प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र कायद्याखाली आकारला जातो.

केंद्रीय कायद्याच्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी संपूर्ण भारतात ग्राह्य असते. म्हणजे एमएच १२ क्रमांकाची पुण्याची गाडी बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावर चालविणे हा गुन्हा नव्हे. तथापि कलम ४७ असे सांगते की, एका राज्यात नोंदविलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली गेल्यास मालकाने त्या दुसऱ्या राज्यातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नव्या क्रमांकासाठी अर्ज केला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५४ नुसार हा अर्ज बारा महिन्यांची मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत नमुना २७ मध्ये करावयाचा असतो.

ही तरतूद सुटसुटीत वाटली, तरी तिच्यामागे अर्थकारण आहे. रस्ते, पूल, वाहतूक नियंत्रण यांचा खर्च जे राज्य करते, त्या राज्याला तेथे नित्य वापरल्या जाणाऱ्या गाडीकडून कर मिळावा, अशी ही कल्पना आहे. खासगी मोटारींवर बहुतेक राज्ये दरवर्षी कर न घेता खरेदीच्या वेळीच एकरकमी कर घेतात. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि मालक तीन वर्षांतच राज्य सोडून गेला, तर उरलेल्या वर्षांचा कर पहिल्या राज्याच्या तिजोरीत पडून राहतो. दुसरे राज्य आपला हिस्सा नव्याने मागते. ग्राहकाला दोनदा कर भरल्यासारखे वाटते ते यामुळेच.

इतर संघराज्यांतही अशी व्यवस्था आढळते. अमेरिकेत तर ती अधिक कडक आहे. न्यू जर्सीतून कॅलिफोर्नियात स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबाला तेथील रहिवासी झाल्यापासून वीस दिवसांत गाडीची नोंदणी करावी लागते आणि चालक परवाना तर दहा दिवसांत घ्यावा लागतो. आपल्याकडे गाडीच्या नोंदणीला बारा महिने मिळतात आणि परवाना बदलण्याची सक्ती मुळीच नाही. या तुलनेत भारतीय कायदा बराच उदार आहे, असे म्हणावे लागेल.

तीस दिवस की बारा महिने?

बंगळूरमध्ये राहणाऱ्या परराज्यातील वाहनमालकांत तीस दिवसांच्या मुदतीविषयी बराच गैरसमज आढळतो. त्यामागे एक इतिहास आहे. २०१४ मध्ये कर्नाटकाने आपल्या मोटार वाहन कर कायद्यात दुरुस्ती केली आणि अन्य राज्यातील गाडी तीस दिवसांहून अधिक काळ राज्यात राहिल्यास तिच्यावर आजीवन कर देय ठरविला. त्यानंतर परिवहन खात्याने शहरात तपासणीच्या मोहिमा हाती घेतल्या. अनेक वाहनमालकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्दबातल ठरविली. केंद्रीय कायदा बारा महिन्यांची मुभा देत असताना तीस दिवसांतच आजीवन कर मागणे योग्य नव्हे, हा या वादाचा गाभा होता.

या मोहिमांनाही एक कारण होते. पुदुच्चेरीसारख्या कमी कर असलेल्या प्रदेशात महागड्या गाड्यांची नोंदणी करून त्या प्रत्यक्षात वर्षानुवर्षे बंगळूरमध्ये वापरायच्या, हा प्रकार सर्रास चालत असे. करचुकवेगिरी करणाऱ्यांसाठी टाकलेल्या जाळ्यात पुण्या-नागपूरहून प्रामाणिकपणे बदलीवर आलेला नोकरदारही अडकतो. म्हणून गाडी राज्यात केव्हा आली, याचा पुरावा जवळ बाळगणे हे अशा ग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते.

असा पुरावा मिळविणे अवघड नाही. नोकरीवर रुजू झाल्याचे पत्र, भाडेकरार, सामान वाहतुकीची पावती आणि फास्टॅग खात्याचा उतारा हे कागद पुरेसे बोलके असतात. विशेषतः फास्टॅगच्या उताऱ्यात निपाणीजवळील कोगनोळीसारख्या नाक्यावरून गाडी कोणत्या तारखेस गेली, याची नोंद आपोआप होते. मध्यंतरी गाडी महाराष्ट्रात नेऊन आणली असल्यास तेही त्यावरून दिसते. हा उतारा बँकेच्या संकेतस्थळावरून काढून त्याची प्रत गाडीत ठेवणे उपयुक्त ठरते.

पहिली पायरी बँकेत

मुक्काम वर्षभरापेक्षा अधिक राहणार, हे निश्चित झाल्यावर नव्या क्रमांकाची तयारी सुरू करावी. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास या तयारीची पहिली पायरी परिवहन कार्यालयात नसून बँकेच्या शाखेत असते.

कर्ज देताना बँक गाडी तारणगहाण म्हणून घेते आणि तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर केली जाते. अधिनियमाच्या कलम ५१ नुसार, गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी, कलम ४८ खालील ना-हरकत प्रमाणपत्र मागण्यापूर्वी अथवा नव्या क्रमांकासाठी अर्ज करण्यापूर्वी कर्जदाराने बँकेची ना-हरकत घेणे आवश्यक आहे. हा अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत बँकेने प्रमाणपत्र द्यावे किंवा नकाराची कारणे लेखी कळवावीत, असे बंधन कायद्यानेच घातले आहे. बँकेने यांपैकी काहीच केले नाही, तर प्रमाणपत्र दिले असे मानले जाते. ग्राहकाने आपला अर्ज तोंडी न करता लेखी करावा आणि शाखेचा तारखेसह पोचशिक्का घ्यावा. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही अशा अर्जाकडे नेहमीचा पत्रव्यवहार म्हणून न पाहता मुदतीचे काम म्हणून पाहावे. सात दिवसांची ही मर्यादा दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बँक साधारणतः तीन गोष्टी पाहते. हप्ते नियमित आहेत काय, गाडीचा विमा चालू आहे काय, आणि कर्जदाराचा नवा पत्ता बँकेकडे नोंदलेला आहे काय. यांपैकी पत्त्याची बाब ग्राहक हमखास विसरतात. बंगळूरचा पत्ता आधी खात्यात नोंदवून घेतल्यास ना-हरकत प्रमाणपत्रास होणारा विलंब टळतो.

कर्ज फेडून झाले असले, तरी काम संपत नाही. शेवटचा हप्ता भरल्यावर बँक कर्जमुक्तीचे पत्र व नमुना ३५ देते. पण नोंदणी प्रमाणपत्रावरील तारणाची नोंद आपोआप पुसली जात नाही. हे कागद परिवहन कार्यालयात सादर करून ती नोंद रद्द करून घ्यावी लागते. अनेक ग्राहक हे कागद कपाटात ठेवून देतात आणि चार वर्षांनी बंगळूरमधून गाडीसाठी ना-हरकत मागताना त्यांना कळते की, नोंदीप्रमाणे गाडी अजून बँकेकडेच तारण आहे. कर्जाचे दोन-तीनच हप्ते उरले असतील, तर ते फेडून, मूळ कार्यालयात तारणाची नोंद रद्द करून मगच पुढचे पाऊल टाकणे सोयीचे असते. त्यामुळे एक टप्पा कमी होतो आणि नव्या नोंदणी प्रमाणपत्रावर तारणाचा उल्लेख राहत नाही.

ना-हरकतीपासून नव्या क्रमांकापर्यंत

बँकेची संमती हाती आल्यावर मूळ नोंदणी कार्यालयाकडे नमुना २८ मध्ये ना-हरकतीचा अर्ज करावयाचा असतो. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून हा अर्ज भरता येतो. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, ओळख व पत्त्याचे पुरावे आणि गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा द्यावा लागतो. गाडी चोरीची नाही, तिच्यावर कर थकलेला नाही आणि वाहतूक दंडाची चलने प्रलंबित नाहीत, याची खात्री कार्यालय करून घेते. म्हणून पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कधीकाळी झालेला वेगमर्यादेचा दंड आधी भरून टाकणे शहाणपणाचे असते. किरकोळ दंडापायी संपूर्ण अर्ज अडून राहतो.

मूळ कार्यालयाने तीस दिवसांत ना-हरकत द्यावी अथवा कारणे नोंदवून नाकारावी, असे कलम ४८ सांगते. या मुदतीत नकार कळविला नाही, तर ना-हरकत दिल्याचे मानले जाते. तथापि प्रत्यक्षात हातात कागद असल्याखेरीज पुढील काम सुकर होत नाही; म्हणून पाठपुरावा करणे इष्ट.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ना-हरकत प्रमाणपत्रावर गाडी कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार, हे लिहिलेले असते आणि बंगळूर शहरात अशी अनेक कार्यालये आहेत. कोरमंगलाचे केए ०१, इंदिरानगरचे केए ०३, जयनगरचे केए ०५, इलेक्ट्रॉनिक सिटीचे केए ५१ आणि कृष्णराजपुरमचे केए ५३ ही त्यांतील काही. शहरात नव्याने आलेले कुटुंब पहिल्या वर्षात भाड्याचे घर बदलते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तेव्हा राहण्याचे ठिकाण पक्के झाल्यावरच, त्या पत्त्याचे कार्यालय नमूद करून अर्ज करावा. चुकीच्या कार्यालयाच्या नावाने घेतलेल्या प्रमाणपत्रात बदल करण्यासाठी पुन्हा महाराष्ट्रातील कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो.

बंगळूरच्या कार्यालयात नमुना २७ मधील अर्ज, ना-हरकत प्रमाणपत्र, मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि स्थानिक पत्त्याचा पुरावा सादर केल्यावर गाडीची तपासणी होते, कर निश्चित होतो व तो भरल्यावर नवा क्रमांक मिळतो. जुना क्रमांक त्यानंतर वापरता येत नाही. नव्या क्रमांकाची उच्च सुरक्षा पाटी अधिकृत विक्रेत्याकडूनच बसवून घ्यावी. केंद्रीय नियमांनुसार पाटीवर रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंकच असावे लागतात. हौसेने लावलेली देवनागरी अंकांची पाटी नियमात बसत नाही.

कराचा हिशेब आणि परतावा

कर्नाटकात मोटारीवरील आजीवन कर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने आकारला जातो. किंमत जास्त तशी टक्केवारी जास्त, आणि गाडी जुनी तशी करात सवलत, असे त्याचे स्वरूप आहे. दर वेळोवेळी बदलत असल्याने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरील गणनयंत्रावर आपल्या गाडीचा तपशील भरून रक्कम आधीच पाहून घ्यावी.

हिशेब कसा जुळतो, हे गोल आकड्यांच्या काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका ग्राहकाने महाराष्ट्रात पंधरा वर्षांसाठी ९०,००० रुपये एकरकमी कर भरला. म्हणजे वर्षाला ६,००० रुपये झाले. पाच वर्षांनी गाडी बंगळूरला नेली, तेव्हा दहा वर्षांचे ६०,००० रुपये सैद्धांतिकदृष्ट्या शिल्लक राहतात. बंगळूरमध्ये त्या पाच वर्षे जुन्या गाडीवर ८०,००० रुपये कर आकारला गेला, असे मानू. ग्राहकाच्या खिशावरील खरा भार ८०,००० चा नसून २०,००० रुपयांच्या आसपासचा आहे. प्रत्येक राज्याचे परताव्याचे कोष्टक वेगळे असल्याने हाती येणारी रक्कम सरळ त्रैराशिकापेक्षा कमी असू शकते. पण ती सोडून देण्याइतकी क्षुल्लक खचित नसते.

परंतु हा परतावा आपोआप मिळत नाही. नव्या राज्यात कर भरल्याची पावती, नवे नोंदणी प्रमाणपत्र, ना-हरकतीची प्रत, मूळ कर भरल्याची पावती आणि बँक खात्याचा तपशील जोडून मूळ कार्यालयाकडे विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो. दुसरी अडचण क्रमाची आहे. आधी ८०,००० रुपये भरायचे आणि मग काही महिन्यांनी परतावा मिळवायचा, असा हा व्यवहार असल्याने मध्यंतरीच्या काळासाठी रोख रकमेची तरतूद लागते. बदलीच्या वर्षी घराची अनामत रक्कम, शाळाप्रवेश आणि सामान वाहतूक हे खर्च एकाच वेळी येतात. म्हणून गाडीच्या करासाठी आवर्ती ठेव किंवा अल्पमुदतीची ठेव आधीपासून बाजूला ठेवल्यास ऐनवेळी उसनवारी करावी लागत नाही. मूळ कर भरल्याची पावती जपून ठेवणे, ही या संपूर्ण हिशेबाची गुरुकिल्ली होय. ती हरविल्यास परताव्याचा दावा रेंगाळतो.

जुनी गाडी आठ-दहा वर्षांची झाली असेल, तर आणखी एक पर्याय तपासावा. नवा कर, तपासणी, प्रवास आणि पाटी यांचा एकूण खर्च गाडीच्या बाजारमूल्याशी ताडून पाहावा. काही वेळा गाडी महाराष्ट्रातच विकून बंगळूरमध्ये दुसरी घेणे स्वस्त पडते.

नवीन गाडी महाराष्ट्रात घेऊन लगेच बंगळूरला नेण्याचा विचार असल्यास तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे. मात्र तिची मुदत संपण्यापूर्वी कायम नोंदणी झालीच पाहिजे. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या अपघातात विमा कंपनीने भरपाई नाकारली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विमा कंपनीची बाजू उचलून धरली होती. काही दिवसांचा आळस संपूर्ण गाडीच्या किमतीएवढा महाग पडू शकतो, हे त्या निकालाने दाखवून दिले.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी भारत मालिका

दर तीन-चार वर्षांनी राज्य बदलणाऱ्या नोकरदारांची ही परवड लक्षात घेऊन केंद्र सरकारने २६ ऑगस्ट २०२१ रोजी भारत मालिकेची अधिसूचना काढली आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून ती अमलात आली. या मालिकेतील गाडीच्या क्रमांकात राज्याचे संक्षिप्त नाव नसते. नोंदणी वर्षाचे दोन अंक, त्यानंतर भारत या नावाची 'बीएच' ही अक्षरे, चार अंक आणि शेवटी अक्षरे अशी त्याची रचना असते. राज्य बदलले तरी गाडीला नवा क्रमांक घ्यावा लागत नाही.

संरक्षण दलांतील कर्मचारी, केंद्र व राज्य सरकारांचे कर्मचारी, सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ही मालिका ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध आहे. बदल्यांचे जीवन जगणाऱ्या बँक अधिकाऱ्यांना तिचा विशेष उपयोग आहे. शासकीय वा सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्याला कार्यालयीन ओळखपत्र आणि खासगी कर्मचाऱ्याला मालकाने नमुना ६० मध्ये दिलेले प्रमाणपत्र सादर करावे लागते.

या मालिकेत पंधरा वर्षांचा कर एकदम भरावा लागत नाही. तो दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरता येतो. अधिसूचनेत दहा लाख रुपयांपर्यंतच्या गाडीसाठी ८ टक्के, दहा ते वीस लाखांसाठी १० टक्के आणि त्यावरील गाडीसाठी १२ टक्के असे दर ठरविण्यात आले. डिझेल गाडीवर २ टक्के अधिक आणि विजेवरील गाडीवर २ टक्के कमी. ही टक्केवारी पूर्ण कालावधीच्या कराची असून त्या प्रमाणात दोन वर्षांचा हिस्सा काढला जातो. चौदा वर्षांनंतर कर दरवर्षी भरावा लागतो. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीनंतर आधीच नोंदविलेली गाडीही पात्र मालकाला या मालिकेत आणता येते. खासगी नोकरदारांच्या बाबतीत सर्व राज्यांची अंमलबजावणी एकसारखी राहिलेली नाही. म्हणून गाडीची मागणी नोंदविण्यापूर्वीच स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. जी व्यक्ती एकाच शहरात कायम राहणार आहे, तिला मात्र दर दोन वर्षांनी कर भरण्याची आठवण ठेवण्याची ही दगदग पत्करण्याचे कारण नाही.

चालक परवाना: देशी आणि परदेशी

गाडीच्या क्रमांकाचे नियम चालक परवान्याला लागू नाहीत. कलम १३ नुसार परवाना संपूर्ण भारतात वैध असतो आणि महाराष्ट्रात मिळालेला परवाना बंगळूरमध्ये बदलून घेण्याची आवश्यकता नाही. पत्ता बदलून घेणे सोयीचे, एवढेच. लक्ष ठेवायचे ते मुदतीवर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत मिळालेला परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयातील दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयातील साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच वर्षे चालतो. मुदत संपून एक वर्ष उलटल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते.

परदेशात जाणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय चालक परवाना मिळतो. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जीनिव्हा कराराच्या आधारे तो दिला जातो, नमुना ४अ मधील अर्जावरून मिळतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. तो मूळ भारतीय परवान्यासोबतच दाखवावयाचा असतो. एकट्याने त्याला अर्थ नाही. परदेशात असताना त्याची मुदत संपल्यास भारतीय दूतावासामार्फत नूतनीकरणाची सोय जानेवारी २०२१ पासून झाली आहे. तथापि दीर्घ मुक्कामासाठी त्या देशाचाच परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये रहिवासी झालेल्या व्यक्तीला भारतीय परवान्यावर बारा महिने, तर जर्मनीत सहा महिने गाडी चालविता येते; त्यानंतर तेथील परीक्षा देणे भाग असते.

याच्या उलट प्रवास करून बंगळूरला परतणाऱ्यांची संख्याही लक्षणीय आहे. भारतीय परवान्याची मुदत परदेशात असताना संपलेली आणि हाती केवळ अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा परवाना, अशी त्यांची स्थिती असते. परदेशी नोंदणीचा आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्यासाठी उपयोगी असला, तरी येथे राहायला आलेल्याने भारतीय परवाना घ्यावा, हेच सुरक्षित. त्यासाठी कायद्याने एक सवलत ठेवली आहे. कलम ९ नुसार, संबंधित वर्गाचे वाहन चालविण्याचा परदेशातील सक्षम प्राधिकाऱ्याचा परवाना असलेल्या अर्जदाराला, वैद्यकीय अटी पूर्ण केल्यास, चालक चाचणीतून सूट मिळू शकते. परदेशी परवान्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास या तरतुदीचा लाभ घेणे सोपे जाते.

परदेशातील गाडीच सोबत आणण्याचा मोह मात्र आवरावा. वापरलेली मोटार आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे सुकाणूचक्र उजव्या बाजूस असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आयात धोरणात घालण्यात आल्या आहेत. अमेरिकेतील गाडी तर डाव्या सुकाणूची असल्याने पहिल्याच पायरीवर बाद होते. जी अटीत बसते, तिच्यावरील सीमाशुल्क एवढे असते की, त्यात येथे नवी गाडी यावी.

शेवटचे तीन कागद

नवा क्रमांक मिळाला की काम पूर्ण झाले, असे समजू नये. विमा कंपनीला नवा क्रमांक व पत्ता कळवून विमापत्रावर तशी नोंद करून घ्यावी. खासगी मोटारींच्या विम्यासाठी देशाचे दोन विभाग करण्याची पद्धत आहे. पुणे, मुंबई आणि बंगळूर 'अ' विभागात येतात, तर कोल्हापूर, सोलापूर यांसारखी शहरे 'ब' विभागात. म्हणजे कोल्हापूरहून बंगळूरला आलेल्या गाडीच्या हप्त्यात थोडा फरक पडू शकतो. तो वाचविण्यासाठी पत्ता लपविणे हे भरपाईच्या वेळी वादाला निमंत्रण देण्यासारखे आहे.

दुसरा कागद फास्टॅगचा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो सर्व मोटारींना अनिवार्य झाला आणि तो गाडीच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. क्रमांक बदलल्यावर ज्या बँकेने तो दिला, त्या बँकेकडे नवे नोंदणी प्रमाणपत्र देऊन तपशील दुरुस्त करून घ्यावा. अन्यथा पथकर नाक्यावर दुप्पट रकमेचा प्रसंग ओढवू शकतो. तिसरा कागद कर्ज खात्याचा. गाडीवर कर्ज चालू असल्यास नव्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत शाखेत जमा करावी. बँकेच्या दप्तरी जुनाच क्रमांक राहिला, तर कर्ज फिटल्यावर नमुना ३५ जुन्या क्रमांकाचा निघतो आणि तारणाची नोंद रद्द होताना पुन्हा अडचण उभी राहते.

हे सारे काम एका दिवसाचे नसले, तरी अवघडही नाही. बदलीचा आदेश हाती पडताच एका पाकिटात कराची मूळ पावती, विमापत्र, कर्जाचे पत्र आणि रुजू होण्याचे पत्र एकत्र ठेवावे. गाडी राज्याची सीमा ओलांडेल त्या तारखेची नोंद घरच्या दिनदर्शिकेवर करावी आणि तिच्यापुढे दहाव्या महिन्यावर एक खूण करून ठेवावी. त्या खुणेपाशी निर्णय घेतल्यास बँकेचे सात दिवस, मूळ कार्यालयाचे तीस दिवस आणि प्रत्यक्ष नोंदणीचा काळ हे सर्व कायद्याच्या मुदतीत आरामात सामावतात.